डाळीची पळी

एकाहत्तर साली जर्मन बोटीवर नोकरीला जाताना नवरा म्हणाला, "पाण्यावरचा फेस काढायचं मशीन घेऊनच येतो. तोवर पळीनं काढ, नाहीतर पोवळं मरेल." कतारगामच्या घरी, काचेच्या पेटीत, ओख्याच्या समुद्रातलं जिवंत पोवळं ठेवून गेला. तीन वर्षं ती डुमसच्या समुद्राचं पाणी निवळून भरत होती, डाळीच्या पळीनं फेस काढत होती. "पोवळं अंगठीत शोभतं. पेटीत कसलं जगतंय!" सासू म्हणायची. "हे येईपर्यंत जगवणार, आई." आज पार्सल आलं. आत मशीन आणि चिठ्ठी: 'मी इकडेच राहणार. वाट पाहू नकोस.' गुजराती शेजारीण हरखली, "लो बेन, मशीन आवी गयुं!" "मशीन कोणाला हवं होतं?" ती कडाडली. खोकं पुन्हा बांधून त्यावर लिहिलं, 'ठरल्याप्रमाणे स्वतः घेऊन या.' स्टोव्हवर डाळ उतू आली. तिनं पळी उचलली, आधी पेटीतला फेस काढला.