सादिकची न सापडलेली स्कूटर

सादिकची चोरीला गेलेली स्कूटर चौथ्या दिवशी सापडली. जवळच्या अंजूर गावात, खाडीच्या बांधाखाली; पेट्रोल संपलेलं, बाकी धडधाकट. पण ती सापडलीच नाही असं धरून पुढं जाऊ. सादिकनंही तेच केलं. स्कूटर ढकलत तिथल्याच मामूंच्या गोठ्यात नेली, वर पेंढा टाकला आणि रिक्षानं भिवंडीला परत आला.

कारण मधल्या तीन दिवसांत तो विम्याच्या ऑफिसात जाऊन आला होता, आणि तिथं टेबलापलीकडे इशरत बसली होती.

स्कूटर सापडली की फाईल बंद. आणि फाईलशिवाय एखाद्या मुलीसमोर जाऊन बसण्याइतका सादिक शूर नव्हता.

सादिकच्या कारखान्यातले कापडाचे लूम शुक्रवारी बंद असायचे. तेव्हा दर शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजाआधी, सादिक इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून ऑफिसात हजर.

"तपास लागत नसल्याचा पोलिसांचा दाखला आणलात?" महिन्याभरानं इशरतनं विचारलं.

"आणला, मॅडम."

तिनं तो उजेडात धरून सावकाश वाचला. पुढच्या शुक्रवारी म्हणाली, "स्कूटर उभी होती त्या जागेचा फोटो लागेल."

"तिथं आता काहीच नाहीये."

"तेच दिसायला हवं. अर्जदारासकट."

फोटो दिला. मग लूमच्या दारातून चोरानं नेताना स्कूटर सुरू झाल्याचं कुणाला ऐकू कसं आलं नाही, हा प्रश्न निघाला.

"सहा लूम चालू होते, मॅडम. तिथं माणूस ओरडला तरी कळत नाही."

"तसा दाखला आणा."

तपासावरच्या देवराम हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "सादिकशेट, वीस वर्सं नोकरी हाय माजी. खडखडाटाचा दाखला कुनी मागितला न्हाय."

पण माणूस भला. येऊन लूमच्या दारात उभे राहिले आणि लिहून दिलं: 'समक्ष शिट्टी फुंकून पाहिली. मलाच ऐकू आली नाही.'

असे पाच महिने गेले. प्रत्येक कागद देताना सादिकला एकच धास्ती. हाच शेवटचा निघाला तर? क्लेम मंजूर झाला तर? पण इशरतला पुढचा कागद आठवायचा, आणि सादिकचा आणखी एक आठवडा निघायचा.

मग एका गुरुवारी देवराम लूमवर आले आणि त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "अंजूरला गेल्तो. तुमच्या मामूंच्या गोठ्यात पेंढ्याखाली एक म्हस हाय. तिला हँडल हाय."

सादिकनं त्यांच्यासाठी स्टूल पुढं सरकवलं.

"विम्याचे पैसे घेतले?"

"एक पैसा नाही."

"मंग कशापायी ह्यो उद्योग?"

सादिकचे कान लाल झाले. देवरामांनी ते कान नीट पाहून घेतले.

"उद्या त्या विम्याच्या मॅडमना खरं सांगा. न्हायतर सोमवारी मला रिपोर्ट लिवावा लागंल. आन अत्तर जरा कमी लावा. तुमी दाखला न्यायला आलात की चौकीत साहेबांना शिंका येत्यात."

शुक्रवारी सादिक खुर्चीवर बसलाच नाही.

"मॅडम, स्कूटर सापडली."

"कधी?"

"चौथ्या दिवशी."

इशरतनं पेन खाली ठेवलं.

"क्लेम मागे घेतो. लिहून देतो. मला पैसे नको होते."

"मग काय हवं होतं?"

"दाखले आणायचे होते," सादिक म्हणाला.

त्यानं अर्ज लिहिला, सही केली आणि मागे न बघता जिना उतरला. बघितलं असतं तर त्याच्याकडेच बघत बसलेली इशरत दिसली असती.

दुपारी तिनं टाइपरायटर पुढं ओढला आणि विमा कंपनीच्या ठाणे शहरातल्या मोठ्या ऑफिसला पत्र लिहिलं:

'विषय: धनादेश परत पाठविण्याबाबत. महोदय, पोलिसांचा दाखला मिळताच उपरोक्त क्लेम मंजूर होऊन धनादेश या कार्यालयात आला. तो गेले चार महिने माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यानंतर अर्जदाराकडून मागविलेला एकही कागद नियमात नाही; ते सर्व मी सुचतील तसे मागविले. आता स्कूटर सापडल्याने फाईल बंद करणे भाग आहे. तरी अर्जदाराची दुसरी एखादी वस्तू येत्या शुक्रवारपूर्वी चोरीस जाण्यास वरिष्ठांनी मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती.'