दमाची जागा

‘सावळा’ म्हणताना अनुजाने शब्दाच्या मधोमध श्वास घेतला आणि श्रेयाच्या हातातला चहा सांडला.

‘साव’पाशी एक चोरटा श्वास, मग ‘ळा’ थेट वरच्या सुरात, लांबच लांब. मंडपातल्या कुणाला काही कळलं नाही. कळू नये म्हणूनच तर श्वास चोरायची ती जागा होती. पण ती जागा श्रेयाची होती.

लालबागच्या माघी गणपतीसमोर डबलबारी चालली होती. दोन भजनी मंडळं समोरासमोर, एकाने गायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. पहिली बारी अँटॉप हिलच्या अनुजाची, दुसरी श्रेयाची. बुवा म्हणून, म्हणजे मुख्य गाणारी म्हणून, पेटीवर बसायची श्रेयाची ही पहिलीच वेळ. आज पडली तर पुन्हा मागे बसून दुसऱ्याच्या ओळी उचलायच्या, झालं.

तिला पेटीवर बसवलं गणपत बुवांनी. चाळीस वर्षं सामने गाजवलेल्या या माणसाने आजवर एकाही मुलीला पेटीला हात लावू दिला नव्हता. श्रेयाला आवाज होता म्हणून बसवलं. आवाज होता, दम नव्हता. वरच्या सुरावर गेली की दोन क्षणांत फुगा फुटायचा. बुवांनी सगळे जुने उपाय करून पाहिले. फुगा फुटतच राहिला.

दिवाळीनंतर त्यांनी पद्धतच बदलली. तिला चटईवर उताणं झोपवलं आणि पोटावर तांदळाचा डबा ठेवला.

“डबो वर जावक होयो,” बुवा म्हणाले. “खांदे हलले तर बघ!”

मग ‘स्स’ करत हळूहळू श्वास सोडायचा. मग ओठ फुरफुरवत सूर लावायचा. बुवांची बायको, रखमाकाकी, आतून ओरडायची, “घोडो इलो गो बाय!” दर शुक्रवारी काहीतरी नवीन निघायचं. गुरुवारी मात्र शिकवणीला सुट्टी. त्या दिवशी परळच्या दवाखान्यात छाती तपासायला जातो, असं बुवा सांगायचे.

गेल्या महिन्यात त्यांनी तिला ‘सावळा’तली जागा दिली. “ही जागा आता तुझी,” ते म्हणाले. “कोणी इचारल्यान, खयसून इली, तर सांग देवान दिली.” श्रेयाने ती जिवापाड जपली. घरी गातानाही खिडकी लावून घ्यायची.

आणि आज ती अनुजाच्या गळ्यात होती.

शेजारी पखवाज लावत बसलेल्या, तिच्याच मंडळातल्या राजेशनेही ती ऐकली होती. मान खाली घालूनच तो म्हणाला, “तुला बोलणार नव्हतो यार. बुवांना मी अँटॉप हिलला बघितलंय. अनुजाच्या बिल्डिंगमध्ये जाताना.”

“कधी?”

“तीनदा. तिन्ही वेळा गुरुवारच होता.”

“असेल कोणीतरी ओळखीचं तिकडे.”

“वरून आवाज येत होता ना. तुझ्यासारखाच. ओठांची फुरफुर.”

श्रेयाने समोर पाहिलं. पहिल्या खुर्चीत बुवा बसले होते. अनुजाच्या त्या सुरावर डोळे मिटून मान डोलावत होते, जणू स्वतःच्याच घरचं लग्न. याच बाईला ते चारचौघांत नावं ठेवायचे. “दादराक क्लास काढल्यान. दम काय फी भरून मिळता?” म्हणायचे. म्हणजे तेही सोंग! एका ताटातलं उचलून दुसऱ्या ताटात वाढलं होतं बुवांनी, आणि वर दोन्हीकडे ‘तुलाच’ म्हणाले असतील. तिला रडू आलं आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला.

तिची बारी लागली. रीतीप्रमाणे सुरुवात गुरुवंदनेने व्हायची. बुवाने गुरूचं नाव घ्यायचं आणि गुरू समोर असेल तर त्याने उठून मंडळींना हात जोडायचे. गणपत बुवा आधीच उठून उभे होते, टोपी नीट करत. हसू लपवायचा प्रयत्न चालला होता, पण जमत नव्हता.

श्रेयाने माईक ओढला.

“मंडळी, वंदना होणार नाही. मला गुरू नाही. होता, तो समोरच्या पार्टीला फितूर झाला.”

मंडपात शिट्ट्या सुरू झाल्या. डबलबारीत असला मसाला लोकांना हवाच असतो. शंभर मोबाइल वर झाले. बुवांनी जोडायला उचललेले हात तसेच खाली घेतले. शेजारी बसलेल्या रखमाकाकीचा दंड धरून खुर्च्यांच्या मधल्या वाटेने निघून गेले.

श्रेया गायली. अशी ती कधीच गायली नव्हती. ‘सावळा’चा सूर तिने इतका लांबवला की राजेश पखवाज थांबवून बघत राहिला. फुगा फुटला नाही. शेवटी जिंकल्याचं श्रीफळ तिलाच मिळालं. लोक अंगठे दाखवत होते, सेल्फी काढत होते, आणि ती कुणाकडेच नीट बघत नव्हती.

गर्दी ओसरल्यावर अनुजा आली. चेहरा लाल झालेला.

“तू बुवांना असं का बोललीस गं?”

“अजून मलाच विचारताय?” श्रेया म्हणाली. “गुरुवारचं कळलंय मला. तुम्हीच सांगा आता, किती महिने शिकवायला येत होते तुमच्याकडे?”

“शिकवायला?” अनुजा तिच्याकडे बघतच राहिली. “अगं, ते शिकायला यायचे. त्यांच्या पोरीचा, तुझा, वरचा सूर तुटतो म्हणून.”