दोनदा थांबणारं इंजिन

"हात अजून हलतोय," इन्स्पेक्टर म्हणाला. "तुम्ही का थांबलात?"

ड्रायव्हरने ब्रेकवरून हात काढला नाही. शंटिंगचं डिझेल इंजिन जागच्या जागी घरघरत राहिलं. इंजिनाने ढकलत आणलेल्या बावीस वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, पार टोकाला, रुळांच्या कडेला पॉइंट्समन उभा होता. त्याचा हात अजून 'या, या' म्हणत होता.

"मला वाटलं, थांबवलं."

"त्यांनी नाही थांबवलं."

"मग माझं चुकलं."

इन्स्पेक्टरने वहीत आणखी एक रेघ ओढली. इंजिन पुन्हा हलकेच सरकलं. टोकाची वाघीण समोरच्या उभ्या वाघिणीला आवाज न करता टेकली. पॉइंट्समन दोन्हींच्या मधे शिरला, जोडणी करून बाहेर आला.

ढकलताना केबिनमधून पुढचं टोक दिसत नाही. अंतर किती उरलं ते पॉइंट्समन हाताने सांगतो आणि ड्रायव्हरने त्या हातावर चालायचं, हा नियम. वॉकीटॉकी दोन वर्षांपूर्वी आल्या होत्या. त्यांचे चार्जर यायचे होते.

गेले तीन महिने हे इंजिन प्रत्येक जोडणीला दोनदा थांबत होतं. एकदा इशाऱ्याआधी, एकदा इशाऱ्यानंतर. मालगाड्या उशिरा सुटू लागल्या. ड्रायव्हरची नजर गेली आहे, असं पॉइंट्समननेच वर सांगितलं होतं आणि सांगितल्याचं लपवलंही नव्हतं. तो ड्रायव्हरचा व्याही होता.

चहाच्या सुट्टीत तो केबिनमध्ये चढून आला. यार्डात त्याला घार म्हणत. चार रूळ पलीकडच्या वाघिणीचा नंबर तो उभ्याउभ्या वाचतो, अशी त्याची ख्याती होती.

"राग धरू नका, व्याही," तो म्हणाला. "उद्या तुम्ही मला मधे चेपलंत, तर सूनबाईने रडायचं कोणासाठी आणि भांडायचं कोणाशी?"

"राग कसला? चेपायचं असतं तर लग्नाच्या बोलण्यातच चेपलं असतं."

"तेव्हा विहीणबाई मधे होत्या, म्हणून वाचलो." घार मोठ्याने हसला. "सूनबाई सांगत होती, बाबा हल्ली पेपर हातभर लांब धरतात."

"लांबचं दिसतं म्हणून लांब धरतो."

"ऐकलंत साहेब? हे असं. चूक कबूल करतील तर शपथ."

कप रिकामा करून तो उतरायला लागला. खालची पायरी पायाने दोनदा चाचपली, मग जमिनीवर उतरला. तो वाघिणींच्या टोकापर्यंत पोहोचेस्तोवर ड्रायव्हर बघत राहिला. मगच त्याने इंजिन हलवलं.

काही वेळाने इन्स्पेक्टरने विचारलं, "मघापासून काय पुटपुटताय?"

"रुळांचे सांधे मोजतोय. चाक सांध्यावरून गेलं की ठोका बसतो. ठोके मोजले की किती आत आलो, ते कळतं."

"म्हणजे हात नीट दिसत नाही, म्हणून मोजता."

ड्रायव्हरने पुढचा ठोका मोजला. "तसं लिहा हवं तर."

इन्स्पेक्टरने लिहिलं.

"साहेब, मी उतरलो तर जोडीचं काय? रीतीप्रमाणेच होईल ना?"

यार्डाची रीत जुनी होती. ड्रायव्हर आणि पॉइंट्समन जोडीने काम करत. एकाला उतरवलं, की दुसऱ्यालाही मानाने बैठं काम मिळे. नव्या माणसाशी हात जुळेपर्यंत बोटं जातात, कधी जीवही जातो, म्हणून. या दोघांची जोडी अठरा वर्षांची होती.

"आधी चाचणी तर होऊ द्या," इन्स्पेक्टर म्हणाला.

दुपारी दवाखान्याच्या लांबट खोलीत ड्रायव्हर जमिनीवरच्या पिवळ्या रेघेवर उभा राहिला. समोरच्या भिंतीवर आकड्यांचा तक्ता होता. पहिली ओळ त्याने वाचली. दुसरीत अडखळला.

"तीन. मग आठ... की शून्य?"

"सावकाश बघा," इन्स्पेक्टर म्हणाला.

तिसऱ्या ओळीला त्याने मान हलवली. "नाही, साहेब. पुढचं सगळं धुरकट आहे."

इन्स्पेक्टरला वाईट वाटलं. इतकी हलकी जोडणी करणारा दुसरा ड्रायव्हर त्याने पाहिला नव्हता. त्याने कागद पुढे केला.

"घरी काय सांगाल?"

"इंजिन सुटलं म्हणून सांगेन. मुलगी खूश होईल." ड्रायव्हरने सही केली. डोक्यावरचा भार खाली ठेवावा, तसा तो खुर्चीत टेकला.

"तुम्हाला शेडमध्ये बैठं काम देतो."

"आणि व्याह्यांना?"

"त्यांना कशाला? जोडीची रीत गेल्या महिन्यात बंद झाली. माणसंच कुठे आहेत आता?" इन्स्पेक्टर कागदावर शिक्का मारत म्हणाला. "सोमवारी नवा ड्रायव्हर येतोय. शिस्तीचा आहे. हात खाली आल्याशिवाय ब्रेकला शिवत नाही. तुमच्या व्याह्यांच्या भरवशावर डोळे मिटून चालवेल."

ड्रायव्हर उठला. दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. पिवळी रेघ आता त्याच्या चार पावलं पुढे होती. दाराला पाठ टेकवून त्याने तक्त्याची सगळ्यांत खालची ओळ न अडखळता वाचली. "सात, चार, नऊ, दोन, सहा, आठ, तीन."

इन्स्पेक्टरचा शिक्का हातातच राहिला.

"आता माझ्या व्याह्यांना बोलवा," ड्रायव्हर म्हणाला, "आणि त्यांना फक्त पहिली ओळ विचारा."