मसुदा जतन होताना

“आजच बरी सवड झाली तुला?” दार उघडत ताई म्हणाली. ती बाहेरच्या कपड्यांतच होती. थोड्या वेळाने लेकीला शाळेतून आणायला निघायचं होतं.

“तूच मागे लागली होतीस ना, ब्लॉग रखडत चालतो म्हणून!” धाकट्या भावाने बूट काढले आणि कॉम्प्युटरपुढे बसकण मारली. कुंड्यांतल्या झाडांवरचा तो ब्लॉग त्यानेच उभा करून दिला होता. म्हणजे निस्तरणंही त्याच्याच गळ्यात.

कोड उघडल्यावर त्याला स्वतःचं जुनं फंक्शन दिसलं. ताईने पोस्ट टाकली की भाऊजींना मेल जावा, एवढंच त्याचं काम. भाऊजींनीच ते मागून घेतलं होतं. “हिचा पहिला वाचक मी!” म्हणाले होते. भावाला तेव्हा कोण कौतुक वाटलं होतं.

ब्लॉगवर काहीही घडलं की त्या घटनेचा हूक जागा होतो आणि त्याला अडकवलेलं फंक्शन आपोआप चालतं. ‘पोस्ट प्रसिद्ध झाली’चा हूक वेगळा, ‘मसुदा जतन झाला’चा वेगळा. घाईत त्याने दुसराच पकडला होता. आणि मसुदा तर लिहिता लिहिता आपोआप जतन होत राहतो.

“सापडलं!” तो हसत सुटला. “अगं, तू नुसतं लिहीत असलीस तरी भाऊजींना मेल जातोय. अख्खा मजकूर! बोलले कसे नाहीत ते?”

ताई हसली नाही. “मी लिहून पुसून टाकलेलंही?”

“पुसायच्या आधीच गेलेलं असणार. का गं?”

ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

“फोन ते रोज तपासतात. मन मोकळं करायला तेवढीच जागा होती. लिहायचं, पुसायचं. आता त्यांचा हात पोरीवरही उठायला लागलाय. आज तिला शाळेतून घेऊन परस्पर निघून जायचं, परत इथे पाऊल टाकायचं नाही, असं सकाळीच लिहिलं होतं.”

भावाने फंक्शन काढून टाकलं. आता ते काढून काय उपयोग, हे त्यालाही कळत होतं.

“ऊठ. आत्ताच जाऊ शाळेत.”

ती पायांत चपला सरकवत होती तेवढ्यात फोन वाजला. तिने स्पीकर लावला. भाऊजींचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

“तू नको येऊस शाळेत. पोरगी माझ्याजवळ आहे. आणि हो, तुझ्या भावाला माझे आभार सांग. फार मोठं काम करून दिलंय त्याने.”