चौकीवरून दिसतं ते

"घराला पण बाण लावलेत?" शैलजाबाईंनी कागद हिसकावूनच घेतला.

विश्वनाथराव पेन्सिलीला टोक काढत राहिले.

माजी सैनिकांसाठी संग्रहालयात भरणाऱ्या चित्रवर्गाचा हा सहावा गुरुवार. मोहालीहून टॅक्सी करून नवऱ्याला इथं आणायचं शैलजाबाईंनीच मनावर घेतलं होतं. तोफखान्यात असताना हाच माणूस सीमेवरून सोळा-सोळा पानांची पत्रं लिहायचा. ती सगळी त्यांनी ट्रंकेत जपली होती. मग सुभेदार निवृत्त होऊन घरी आले, समोरासमोर बसायला मिळालं, आणि ते वर्तमानपत्राआड गेले ते गेलेच. एकोणीस वर्षं झाली.

इथं येऊन तरी काय, पाच गुरुवार एकच डोंगर. टेहळणीच्या चौकीवर बसून तोफांसाठी काढायचे तसा. एकटं झाड, त्यावर बाण, बाणाशी चौकीपासूनचं अंतर. शेजारचे सरदारजी मोहरीचं शेत रंगवता रंगवता म्हणायचे, "भाभीजी, सुभेदारसाब की छुट्टी अभी मंज़ूर नहीं हुई."

काल शैलजाबाईंनी पुण्यातल्या मुलाला फोनवर सांगून टाकलं होतं, "शिशिर, उद्याही डोंगरच निघाला तर माझं पुण्याचं तिकीट काढ. परतीचं नको."

"पक्कं, आई?"

"पक्कं."

आज शिकवणाऱ्या नेत्रानं सगळ्यांना आपलं घर काढायला सांगितलं. विश्वनाथरावांनी काढलं, पण त्याच पद्धतीनं. गॅस, अर्धं पाऊल. फ्रिज, दोन पावले. खिडकी, सहा. दाराबाहेरची तुळस, नऊ.

"आणि मी कुठंय यात?" शैलजाबाईंचा आवाज चढला. सरदारजींचा कुंचला थांबला. "फ्रिज आहे. तुळस आहे. एवढी वर्षं राबतेय त्या घरात, मी तेवढी दिसले नाही तुम्हाला?"

"आपण बसतो ती जागा नकाशात येत नाही," विश्वनाथराव हळूच म्हणाले. "तिथून जे दिसतं तेवढंच काढायचं."

"मग तुमची खुर्ची कशी आली?" त्यांनी कागदावर बोट आपटलं.

बोट तिथंच राहिलं.

कागदाच्या मधोमध खुर्ची होती. खुर्चीत एक माणूस, तोंडापुढे उघडलेलं वर्तमानपत्र. शैलजाबाईंनी पुन्हा गॅसकडे पाहिलं. अर्धं पाऊल. फ्रिज, खिडकी आणि तुळस एका नजरेत दिसावीत अशी घरात एकच जागा होती. ओट्यालगतचं त्यांचं भाजी निवडायचं स्टूल.

पर्समधून चष्मा काढून त्यांनी डोळ्यांवर चढवला. खुर्चीवरच्या बाणाशी, त्या जुन्या पत्रांतल्याच बारीक अक्षरात लिहिलं होतं:

"माणूस एक. अंतर चार पावले. एकोणीस वर्षे हालचाल नाही."