पदरचं घालायचं नाही

कानातलं यंत्र सुरू झालं आणि पहिल्याच वाक्याला थोरली अडकली.

"बोला ना, आजी," नाटकवाली म्हणाली. "ऐकू येतंय ना?"

ऐकू येत होतं, हाच तर घोळ होता. कानात धाकटी जाऊ बोलत होती, आणि ती जे बोलत होती ते स्वतःच्या तोंडाने म्हणायचं म्हणजे भरल्या सभागृहात स्वतःलाच शिव्या घालायच्या.

नाटकवालीची तऱ्हाच न्यारी. वस्ती पाडून टॉवर बांधायचे यावरून जे काही रामायण झालं, त्याचंच नाटक बसवत होती बाई. घरोघर फिरून तिने माणसांचं बोलणं टेप केलं होतं. आता कुंपणाच्या अलीकडचे, म्हणजे सही न करता जुन्या घरांत चिकटून राहिलेले, ते पलीकडच्यांचं बोलणार. टॉवरमध्ये गेलेले अलीकडच्यांचं. कानात येईल ते जसंच्या तसं. तो खोकला तर आपण खोकायचं, ती गप्प बसली तर आपण गप्प. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. हे तिने इतक्यांदा बजावलं होतं की वस्तीतली पोरं एकमेकांना चिडवायला तेच वाक्य वापरायची.

थोरलीला नाटकबिटकात काडीचा रस नव्हता. धाकटीचं बोलणं टॉवरमधल्या तिच्या स्वयंपाकघरात टेप झालं आणि महिन्याभरात ती झोपेतच गेली. थोरली तेव्हा पत्र्याच्या कुंपणापर्यंत गेली आणि तिथूनच मागे फिरली. तेव्हापासून तिला एवढंच हवं होतं: जाताना धाकटीच्या मनात आपल्याबद्दल काय होतं, ते कळावं. त्यासाठी ती शिव्या खायलाही तयार होती.

"आमच्या थोरल्या जाऊबाई," थोरली कानातलं म्हणू लागली, "म्हणजे एक नंबरच्या हट्टी. ब्रह्मदेव खाली आला तरी ऐकायच्या नाहीत."

सभागृहात हशा पिकला. तालीम बघायला आलेले लोक इथेही मधे वाट ठेवून दोन बाजूंना बसले होते, पण हसले एकदम.

"मी म्हटलं, ताई, गुडघे दुखतात तुमचे, चला तिकडे. घरात नळ आहे, लिफ्ट आहे. तर म्हणे, तू विकली गेलीस. घ्या! आमच्या ह्यांची नोकरी गेलेली, छप्पर गळतंय, आणि मी विकली गेले!"

आता कोणी हसलं नाही. मागच्या ओळीत धाकटीचा नवरा बसला होता. तो टोपी गुडघ्यावर ठेवून खाली बघत राहिला.

"मधे एकच भिंत होती आमच्या. चहा झाला की मी वाजवायची, दोनदा. पलीकडून एकदा वाजली की समजायचं, आल्या. लग्न होऊन आले तेव्हापासूनची पद्धत ही. सही केली आणि त्यांचं उत्तर बंद झालं. मी आपली वाजवतेय, वाजवतेय. पलीकडे ढिम्म." थोरलीचा आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही. "मग मीही सोडलं. मोडली सवय. माझ्यालेखी त्या मेल्या."

मिळालं उत्तर. थोरलीला मोठ्याने रडावंसं वाटत होतं, पण धाकटी कुठे रडली होती? तिने पुढचं म्हटलं, "बसा हं, चहा टाकते तुम्हाला."

मग कानात बोलणं थांबलं. संपलं असं वाटून थोरलीने यंत्राला हात घातला. नाटकवालीने लगबगीने मान हलवली. संपलं नाही, थांबा.

थोरली थांबली. गॅस पेटल्याचा आवाज आला. भांडं, नळ, साखरेच्या डब्याचं झाकण. ही बाई पहिल्यापासून झाकण आपटायची, कितीदा सांगितलं. चहा उतू जायला आल्याचा फसफसाट, आणि गॅस बंद.

आणि टक टक.

भिंतीवर. दोनदा. दुसरी जरा हळू, कपात चहा ओतायची घाई असल्यासारखी.

थोरलीचा हात समोरच्या टेबलाकडे गेला आणि बोटाच्या पेराने तिने टेबलावर वाजवलं. एकदा.

सभागृहात बाकी कोणाला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांना दिसली ती गप्प बसलेली म्हातारी, आणि तिने वाजवलेलं टेबल.

"चुकलं, आजी," नाटकवाली हळूच म्हणाली. "टेपमध्ये दोनदा आहे."

"दोनदा तिचं असतं," थोरली म्हणाली. "माझं एकदाच."

हे टेपमध्ये नव्हतं.

थोरलीने कानातलं काढून टेबलावर ठेवलं आणि मागच्या ओळीकडे बघितलं. त्या सहीनंतर ती पहिल्यांदाच त्या माणसाशी बोलत होती.

"भाऊजी, तुमच्या स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या भिंतीपलीकडे कोण राहतं?"

धाकटीच्या नवऱ्याने टोपी उचलली, पुन्हा गुडघ्यावर ठेवली.

"कोणी नाही, वहिनी," तो म्हणाला. "तिथून लिफ्ट जाते."