तोंड कोणाचे?

"मुसकं मालकाने बांधायचं, हे कळलं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण तोंड कोणाचं?"

मसुदेकाराने नियम तीन पुन्हा वाचला. 'कुत्र्याला रस्त्यावर नेताना मालकाने तोंडाला मुसके बांधावे.' महिनाभर घासूनपुसून लिहिलेल्या त्या वाक्यात तोंड होते, पण ते बेवारशी होते. मसुदेकाराच्या तोंडचे पाणी पळाले. खोड जुनीच होती. घरीसुद्धा तो "दूध आणण्यात यावे" असेच बोलायचा, आणि बायको विचारायची, "कोणी? गाईने?"

कायदा सभागृहाने केला होता. पाळीव कुत्र्यांचा बंदोबस्त व्हावा, बाकी नियम खात्याने करावेत, एवढे म्हणून सभागृह मोकळे झाले. खात्याने ते काम मसुदेकाराच्या गळ्यात मारले. नियम छापून आले, लागू झाले, सभागृहाच्या पटलावर ठेवले गेले आणि तिथे कोणी ते उघडूनही पाहिले नाहीत. असे न वाचलेले नियम तपासण्यासाठीच ही समिती होती. तिने नियम परत पाठवले, तर मसुदेकाराची रवानगी पुन्हा मागच्या खोलीत, दुसऱ्यांचे स्वल्पविराम तपासायला. तिथून तो कसाबसा बाहेर पडला होता.

त्यात समितीतले सर्वांत बोलके सभासद पेटले होते. पाठीमागे सगळे त्यांना 'तोफ' म्हणत.

"काल मी कुत्र्याला फिरवत होतो," तोफ म्हणाले. "त्याला साखळी होती, मुसकं होतं. तरी पोलिसाने अडवलं. म्हणतो कसा, कुत्र्याचं झालं साहेब, तुमचं कुठाय?"

कोणीतरी हसू दाबायला खोकले.

मग तोफेने तोंडाचा पट्टा सोडला. कुत्र्यावरून ते आजोबांच्या बैलावर गेले, बैलावरून माणसाच्या अब्रूवर आणि अब्रूवरून हल्लीच्या पोरांच्या भाषेवर. चहा आला, त्यावर साय धरली, कप तसेच परत गेले. विरोधी पक्षाच्या सभासदाने घड्याळाकडे पाहिले. सत्ताधारी सभासदानेही पाहिले. एरवी या दोघांचे पंखा किती जोरात ठेवायचा यावरही एकमत होत नसे. अध्यक्षबाईंनी घंटा वाजवून पाहिली, पण तोफेला ऐकू जाईल अशी घंटा त्या इमारतीत नव्हती.

एकदाचे ते पाणी प्यायला थांबले. तेवढ्यात मसुदेकार उठला.

"चूक माझीच आहे," तो म्हणाला. "'कुत्र्याच्या' हा एक शब्द राहून गेला. समितीने दुरुस्ती सुचवली, तर..."

"सुचवायचीच!" तोफेने ग्लास आपटला. "नाहीतर उद्या सभागृहात मी या विषयावर सविस्तर बोलणार आहे!"

'सविस्तर' हा शब्द ऐकून दोन्ही पक्षांच्या सभासदांनी एकमेकांकडे पाहिले. मग दोघांनी अध्यक्षबाईंकडे पाहिले. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"मत घेऊ," त्या म्हणाल्या. "नियम आहे तसाच लागू राहावा, असं कोणाला वाटतं?"

दोन हात एकदम वर गेले. तिसरा खुद्द अध्यक्षबाईंचा होता. तोफ काहीतरी बोलायला गेले, पण विरोधी सभासदाने हळूच नियम तीनवर बोट ठेवले.

मसुदेकाराला खरेच वाटेना. नियम वाचला होता, म्हणजे तोही वाचला होता. आनंदाच्या भरात त्याने चुकून अध्यक्षबाईंचेही कागद उचलले, ते परत केले आणि वाकून निघाला. दाराशी पोचतो न पोचतो, तोच बाईंनी त्याला माघारी बोलावले आणि आवाज खाली आणला.

"आमच्या सभागृहात बऱ्याच जणांकडे कुत्राच नाही हो. त्यांनाही हा नियम लावायचा झाला, तर मूळ कायद्यात बसेल का?"